खरजेचं वेळापत्रक

...नाही, पण तुम्ही सरकलात का, ते सांगा आधी! आत्ताआत्तापर्यंत खांद्याला खांदा लावून बसला होतात, मी 'खरूज' म्हटलं मात्र, अख्खी रांग तिकडच्या भिंतीला! बसा हो, बसा. मी बरा झालोय. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, आणि त्या बाई उगाच बोलणाऱ्यातल्या नाहीत, एखादा शब्द जास्त काढायचा तर त्यांच्या जिवावर येतं. आणि हे बघा, खरूज अशी नुसती शेजारी बसून होत नाही. हातात हात धरून बसावं लागतं, एका पांघरुणात झोपावं लागतं, चांगला वेळ द्यावा लागतो तिला! तो किडा उड्या मारत नाही, उडत नाही, चालतो. चालत चालत येतो बिचारा. आता तुम्ही एवढे लांब बसलात, तर त्याला यायला संध्याकाळ होईल.

तर काय सांगत होतो... हां, बोटं. सगळं सुरू झालं बोटांच्या बेचक्यात. मी डेपोत ड्यूट्या लावतो. कुठला ड्रायव्हर कुठल्या बसवर, कंडक्टर कुणाबरोबर, सकाळपाळीला कोण, रात्रपाळीला कोण, कुठली गाडी आज धुवायला, कुठली उद्या... सगळा तक्ता माझ्या डोक्यातून निघतो. म्हणजे डोकं किती थंड लागत असेल बघा! आणि मी एका हातानं तक्ता भरतोय आणि दुसरा हात टेबलाखाली टेबलाच्याच कडेवर घासतोय. समोर ड्रायव्हर उभा. म्हणतो, "साहेब, टेबल हलतंय." मी म्हटलं, "हलू दे. तू नऊची गाडी घेऊन हल."

घरी विचारावं तर घरी सगळेच तज्ज्ञ! आमची ही म्हणाली, "अहो, साबण बदलला ना आपण, तो सोसत नसणार." बदलला साबण. वडील म्हणाले, "उष्णता वाढलीय अंगातली." वडिलांना आम्ही सगळे नाना म्हणतो, आणि नानांना जगातला कुठलाही आजार उष्णतेनंच होतो, सर्दीसुद्धा! धाकटा भाऊ व्यायामशाळेत शिकवतो. तो म्हणाला, "दादा, तुला घाम येत नाही, म्हणून. हालचाल कर." आणि हे सांगताना स्वतः दाराच्या चौकटीला पाठ लावून खालवर खालवर करतोय! म्हटलं, ही कसली रे हालचाल? तर म्हणे, "स्ट्रेचिंग."

तुम्हाला सांगतो, आठवडाभरात घरात अशी परिस्थिती, की रात्री दिवे घालवले की कुणी घोरायच्या ऐवजी खर्र खर्र खर्र... ह्या खोलीतून, त्या खोलीतून. ही खाज रात्रीच जास्त सुटते. दिवसभर आपल्याला वाटतं गेली, आणि अंग टेकलं की हजर. सगळे खाजवतायत, फक्त एक व्यक्ती सोडून. आत्या. माझी आत्या, म्हणजे नानांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिली, माझी मुलगी तिच्याच मांडीवर वाढली. खिडकीपाशी खुर्ची टाकून दिवसभर विणत असते. तिला विचारलं, "आत्या, तुला खाजतं का गं?" तर सुईवरची नजरसुद्धा न काढता, सुरात, "मला? मला कुठे काय होतंय!"

आता तुम्ही म्हणाल, खाजतंय तर खाजतंय, माणूस खाजेनं मरत नाही, एवढी आदळआपट कशाला? सांगतो ना! माझ्या मुलीला मुलगी झालीय. दुसऱ्या गावी असते ती. नात मी अजून फक्त फोनवर बघितलेली. आणि फोनवर काय दिसतं हो? अर्ध्या पडद्यावर त्यांच्या घराचं छत आणि उरलेल्या अर्ध्यावर जावयाचा अंगठा! अंगठ्याच्या पलीकडे काहीतरी गुलाबी हललं की आम्ही सगळे इकडे, "आहाहा, हसली!" त्या दोघी महिनाभर राहायला येणार, हे ठरलेलं. मी गादी उन्हात घातली, पंख्याची पाती पुसली, माझी सगळी तयारी झालेली. आणि एक दिवस फोनवर बोलता बोलता मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही सारखं काय खाजवताय?"

मी म्हटलं, "कोण? मी?" 

"तुम्ही. आणि मागे आई. आणि काका दाराला काय करतोय तो?"

झालं. "आधी डॉक्टरला दाखवा. डॉक्टर बरे झालात म्हणाले की मी येते. तोवर बाळाला घेऊन मी येणार नाही." एवढंसं पोर हो कालपरवाचं, आणि आवाज असा, की आमच्या डेपो मॅनेजरनं उभं राहावं! माझ्यावर गेलीय, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

गेलो. डॉक्टरीणबाईंनी माझा हात घेतला, भिंगातून बेचक्यात बघितलं आणि म्हणाल्या, "खरूज."

मी म्हटलं, "छे हो! आम्ही घरातले सगळे रोज आंघोळ करतो!"

"किड्याला ते माहीत नसतं."

मग त्यांनी औषध सांगितलं, ते असं, तार केल्यासारखं : "मलम. मानेपासून तळपायापर्यंत. बेचक्यांत, नखांखाली, सगळीकडे. रात्रभर ठेवायचं, सकाळी आंघोळ. कपडे, चादरी गरम पाण्यात. आठवड्यानं परत एकदा. घरातल्या सगळ्यांनी, खाज असो नसो. एकाच रात्री. एकदम." मी मान हलवली. ऐकलं होतं मी सगळं, असं नाही की ऐकलं नव्हतं!

औषधाच्या दुकानात मी चिठ्ठी अशी घडी घालून, हळूच, काउंटरवरून सरकवली. आजूबाजूला पाच-सात माणसं, त्यात आमच्या मजल्यावरच्या बाई. दुकानदारानं चिठ्ठी उघडली आणि मागे माळ्यावर चढलेल्या माणसाला ओरडला, "अरेऽऽ, खरजेचं मलम टाक रे! भरपूर टाक, अख्खं कुटुंब आहे!" मजल्यावरच्या बाई तेव्हापासून जिन्यानं जातात. लिफ्टची बटणं मी दाबतो ना!

आता इथे, तुम्हाला सांगतो, लोक मला हसतात. हसा. पण मला एक सांगा, घरात न्हाणीघर एक, पाणी तापवायचा बंब एक, त्यात एका वेळी दोन बादल्या पाणी. पाच माणसं रात्री एकदम मलम फासून बसली, तर सकाळी पाचांच्या पाच आंघोळी, पाचांच्या चादरी, पाचांचे कपडे, आणि तेही गरम पाण्यात, कसं जमायचं? डेपोतल्या सगळ्या गाड्या मी एकाच दिवशी धुवायला काढल्या, तर रस्त्यावर काय माझे आजोबा धावणार? गाड्या पाळीपाळीनं धुवायच्या असतात! हा जगाचा नियम आहे! मी रीतसर तक्ता केला. सोमवारी नाना, मंगळवारी ही, बुधवारी धाकटा, गुरुवारी मी, शुक्रवार राखीव. आत्या तक्त्यातच नाही, कारण तिला विचारलं तर, "मला कुठे काय होतंय!" म्हटलं, चला, एक गाडी कमी.

काय सुरेख चाललं होतं काम! पाणी पुरलं, चादरी वाळल्या, कुणाची कुणाला अडचण नाही. फक्त झालं काय, की सोमवारी नाना स्वच्छ झाले आणि मंगळवारी धाकट्याच्या पांघरुणात झोपले, कारण त्यांचं धुवायला टाकलेलं. धाकटा बुधवारी स्वच्छ झाला, तोवर नाना परत सुरू. आणि नाना म्हणजे हात धुण्याचं वेड! मलम लावलं, हात धुतले. बेचक्यात लावलं, हात धुतले. "नाना, ते रात्रभर राहू द्यायचं असतं!" "अरे, चिकट लागतं ना!" मी गुरुवारी लावलं, तोवर ही परत खाजवायला लागली. राखीव शुक्रवार तर कुठल्या कुठे गेला. दोन आठवडे माझ्या घरात तो किडा अगदी वेळापत्रकाप्रमाणे फिरत होता, एक फेरी चुकली नाही त्याची!

परत डॉक्टरीणबाई. मी त्यांना तक्ता दाखवला. जरा अभिमानानंच दाखवला. त्यांनी तो बघितला, चष्मा काढला, आणि पहिल्यांदाच एवढं लांब वाक्य बोलल्या, "तुमच्या डेपोतल्या गाड्या रात्री एकमेकींच्या पांघरुणात झोपतात का?"

मी म्हटलं, "नाही, पण..."

"मग एकदम. सगळ्यांनी. आत्यासुद्धा."

"पण आत्याला काही होतच नाही!"

"आत्यासुद्धा."

तक्त्याची पार वाट लावली बाईंनी. तक्ता निर्दोष होता, हे मी आजही म्हणतो, रोगच बेशिस्त आहे. पण असो. घरी आलो, मलमाची एक नवी ट्यूब आत्याच्या हातात ठेवली. तर ती माझ्याकडे अशी बघतेय, मी जणू तिच्यावर चोरीचा आळ घेतला! "हे मी लावलं, म्हणजे मला आहे असं झालं ना?" म्हटलं, तसं नव्हे, खबरदारी. "मला कुठे काय होतंय! खिडकीत ठेव ती." आणि लगेच, "बरं, इकडे ये, हात पुढे कर."

हे हात पुढे करणं तुम्हाला सांगायचं राहिलंच की! लोकरीची लड असते ना, तिचा गुंडा करायचा, तर समोर एक माणूस लागतो, दोन्ही हात असे पुढे धरून. घरात तो माणूस रोज नवा. जो रिकामा दिसेल त्याला आत्या समोर बसवते, गुडघ्याला गुडघा लावून, लड हातांवर चढवते, आणि हात जरा खाली आला की मनगट धरून वर करते. "हलू नकोस." मग तास, दीड तास. आत्या लोकर गुंडाळतेय, तुमची मनगटं तिच्या हातात, आणि ती तुम्हाला तुमच्याच लहानपणच्या गोष्टी सांगतेय. काल नाना, आज मी, उद्या ही. पाळीपाळीनं! आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, बघा. इतका सरळ तक्ता डोळ्यांसमोर होता, आणि मी दुसराच करत बसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी एकदम लावायचं ठरवलं होतं. मी दुपारपासून पातेली चढवून घरभरचे कपडे गोळा करत फिरत होतो. इतका पेटलो होतो, की माझा डेपोचा लोकरीचा स्वेटरसुद्धा उकळत्या पाण्यात टाकला. तो बाहेर आला तो एवढा! एवढासा! बाह्या वीतभर! तो हातात घेऊन मी आत्याच्या खोलीकडे गेलो, म्हटलं, तिला विचारू काही करता येतं का, आणि तिच्या चादरीही घेऊ. दार लोटलेलं होतं. मी ढकललं...

आत्या अर्धवट पाठमोरी बसलेली, चेहरा एका बाजूनं दिसत होता. डोळे मिटलेले. हातात विणायची लांब सुई, ती मानेमागून आत, पाठीवर, थेट खाली, आणि चाललंय आपलं. चेहऱ्यावर काय समाधान हो! आयुष्यात इतकं सुखी मी तिला कधी बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, "आत्या!"

सुई बाहेर. "सुई पुसत होते."

"पाठीला?"

"मला कुठे काय..." एवढंच म्हणाली. मनगटं पुढे केली तिनं. लाल झालेली, सोललेली. माझ्या दुप्पट. सगळ्यांत आधीपासून तिलाच असणार, आणि घरात सगळ्यांच्या आधी तीच गप्प बसलेली. ट्यूब तशीच्या तशी, झाकणसुद्धा न उघडलेली, लोकरीच्या पिशवीत खाली. आणि वर काय? टोपरं, मोजे, एक एवढुसा स्वेटर पिवळ्या रंगाचा.

मी चिडलो होतो हो, खरंच चिडलो होतो. म्हटलं, "अगं, सांगायला काय झालं होतं? महिना गेला! सगळं घर सोलून निघालं! तिकडे पोरगी बाळाला घेऊन यायला तयार नाही..."

तर हळू आवाजात म्हणाली, "म्हणूनच ना. मला आहे म्हटलं असतं, तर हे टोपरं तिनं बाळाच्या डोक्याला लावू दिलं असतं का? आणि मला मांडीवर घेऊ दिलं असतं का बाळाला? ट्यूब उघडली की संपलं असं वाटलं रे. ह्या वयात आता मी अजून किती बाळं घेणार मांडीवर?"

आता तुम्हीच सांगा, अशा माणसावर ओरडणार कसं? माझा सगळा राग तिथल्या तिथे विरघळला. तो आखडलेला स्वेटर हातात घेऊन मी आपला उभा. शेवटी तीच म्हणाली, "हे काय आहे हातात?" म्हटलं, "माझा स्वेटर. उकळला." तिनं घेतला, उलटसुलट केला, म्हणाली, "फेकू नकोस. दोन वर्षांनी बाळाला होईल."

तिला तशीच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो, पिशवीसकट. बाईंनी मनगटं बघितली, पिशवी बघितली, आत्याकडे बघितलं. आणि काय सांगू, त्यांचाही आवाज थोडा ओला झाला. म्हणाल्या, "आजी, लोकर उकळू नका. पिशवीचं तोंड बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. माणसाशिवाय तो किडा तीन-चार दिवसांपलीकडे तग धरत नाही. मलम लावा, दोनदा. मग बाळाला खुशाल घ्या." आत्या म्हणाली, "नक्की?" बाई म्हणाल्या, "नक्की." आत्यानं तिथेच ट्यूब उघडली! मी म्हटलं, अगं थांब, घरी, घरी!

त्या संध्याकाळचं वर्णन करू नये खरं तर. पाच माणसं, मानेपासून तळपायापर्यंत मलम, जुने-पुराणे कपडे घातलेले, बैठकीच्या खोलीत खुर्च्यांवर वर्तमानपत्रं टाकून लांब लांब बसलेली. आत्याच्या पाठीला हिनं लावलं, हिच्या पाठीला आत्यानं, माझ्या पाठीला धाकट्यानं, असं रगडून, की मी काय त्याच्या व्यायामशाळेतला शिष्य आहे! नानांना मधे बसवलं. नाना जरा उठले की चौघं एकदम ओरडायचे, "हाऽऽत!" नाना परत खाली. "अरे, पाणी प्यायला उठलो!" "मी देते." शेवटी हिनं नानांच्या हातांत पायमोजे चढवले, तेव्हा कुठे सगळे झोपायला गेले.

आणि सकाळी? सकाळी आंघोळींना तक्ता लागलाच ना! तिथे माझ्याशिवाय कुणाचं पान हललं का? नाना पहिले, मग आत्या, दोन बादल्यांच्या मधे पाणी तापायला वेळ, तेवढ्यात चादरी भिजत. घड्याळाच्या काट्यावर आंघोळी उरकल्या सगळ्यांच्या. ह्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही, पण मी सांगून ठेवतो.

आठवड्यानं परत एकदा तसंच. आणि मग डॉक्टरीणबाईंनी पाचांचे दहा हात भिंगातून बघितले आणि म्हणाल्या, "किडे मेलेत. बरे झालात. बाळ येऊ दे. खाज मात्र राहील. काही आठवडे."

मी म्हटलं, "किडे मेलेत, तर खाज कसली?"

"कातडीला कळायला वेळ लागतो."

आता हे तुम्ही लक्षात ठेवा, कारण माझ्या मुलीनं नाही ठेवलं. तिला मी फोनवर सांगितलं, बाईंनीही सांगितलं, तिला सगळं पटलं, ती आली. बाळाला घेऊन परवा आली. आणि मी, सवयीनं म्हणा, बाळाला कुणी कधी घ्यायचं ह्याचा एक छोटासा तक्ता केला होता. पहिलं नाव माझं होतं, नाकारत नाही. मुलगी दारात उभी राहिली, मी तक्ता काढायला खिशात हात घातला, तर ह्या चौघांनी... सगळ्यांनी, एकदम! काय सांगायचं! आत्या सगळ्यांत पुढे. ह्या वयात काय चपळाई! पिवळा स्वेटर, टोपरं, मोजे, सगळं बाळाच्या अंगावर चढलं, बाळ आत्याच्या मांडीवर गेलं आणि तिथेच झोपलं. मग कोण उठवणार? मग नाना. नाना आधी जाऊन हात धुऊन आले, आणि त्याचंच पहिल्यांदा घरात कौतुक झालं. मग ही. मग धाकटा. माझा तक्ता माझ्या खिशात.

संध्याकाळी कुठे माझा नंबर लागला. मुलगी म्हणाली, "बाबा, नीट धरा. मान सांभाळा." आणि ठेवलं हो माझ्या हातांत. तुम्हाला सांगतो, त्या फोनमध्ये काही म्हणजे काही दिसत नव्हतं. एवढं वजन, एवढा ऊबदार श्वास, एवढीशी बोटं. मी त्या बोटांच्या बेचक्यांकडेच बघत बसलो किती वेळ. स्वच्छ. गुलाबी. डोळे भरून आले माझे, खोटं कशाला सांगू?

...आणि नेमकी तेव्हाच पाठीला खाज सुटली. दोन खांद्यांच्या बरोब्बर मधे! दोन्ही हात बाळाखाली, मुलगी समोर खुर्ची टाकून टक लावून बसलेली. मी जरासा डावीकडे वळलो. जरासा उजवीकडे. खुर्चीच्या पाठीवर हळूच...

"बाबा? खाजतंय का?"

आणि तिनं बाळ घ्यायला हात पुढे केले. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत मला मागून, सदऱ्याच्या कॉलरमधून, काहीतरी थंड, सरळ, आत सरकलेलं जाणवलं. सुई! स्वच्छ धुतलेली, उकळलेली, आत्याची लांब सुई. बरोबर त्या जागी! ती माझ्या खुर्चीमागे उभी, तोंडावर काही नाही, दुसऱ्या हातानं माझी कॉलर नीट केल्यासारखं करतेय. आणि मग आम्ही दोघं, मी आणि आत्या, एका सुरात, एकदम, 

"आम्हाला? आम्हाला कुठे काय होतंय!"